रोस्टिंग पॅन : पाणी कधी, किती आणि कसं घालावं
(आमच्याकडून पॅन नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नाशिक)

रोस्टिंग पॅनच्या तळाशी पाणी घालतात ते मुख्यतः खाली गळणारी चरबी आणि मसाला करपू नये म्हणून. ओव्हन २०० अंशांवर असला तरी पाणी आहे तोवर पॅनचा तळ पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपासच राहतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांना उकळतं. पाणी आटलं की मात्र तळ झपाट्यानं तापतो, चरबीचा धूर व्हायला लागतो आणि घाईघाईत नळाचं गार पाणी ओतलं जातं. हात भाजणं, काच फुटणं, पत्रा वाकणं हे सगळं इथेच घडतं.

आधी पाण्याचं माप

३० × २२ सेंमीच्या पॅनमध्ये अर्धा सेंमी पाणी म्हणजे ३३० मिली, साधारण दीड पेला. जाळीवर कोंबडी किंवा मटण ठेवून भाजताना एवढं पुरतं. पाणी जाळीला टेकता कामा नये. ते वाढवलं की मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं आणि वरची कातडी मऊच राहते. बटाटे, रताळी, कांदे थेट धातूच्या पॅनमध्ये भाजणार असाल तर पाणी अजिबात नको. तेलाचा हात पुरे. भरल्या वांग्यांना पाव वाटी गरम पाणी घालून वर फॉइल लावा आणि शेवटची १०-१५ मिनिटं फॉइल काढा.

पाणी पॅन ओव्हनमध्ये ठेवण्याआधीच घालावं. अर्ध्या तासानं एकदा बघावं.

मध्येच पाणी घालायचं झालं तर

पाणी आधी गॅसवर उकळून ठेवा. ओटीजीचं (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनचं) दार थोडंसं, चार बोटं उघडून बाजूला उभे राहा. पहिली वाफ निघून जाऊ द्या. दार उघडल्या उघडल्या आत डोकावलं की वाफ थेट तोंडावर येते. मग पॅन दोन्ही बाजूंनी धरून बाहेर काढा आणि लाकडी पाटावर किंवा कोरड्या जाड फडक्यावर ठेवा. पाणी नळीच्या भांड्यातून, पॅनच्या कोपऱ्यातून, बारीक धारेनं सोडा. ओव्हनच्या आत असलेल्या पॅनमध्ये पाणी ओतू नका. थेंब तापलेल्या रॉडवर किंवा दाराच्या काचेवर पडले तर काच तडकू शकते, आणि रॉडच्या जोडणीत ओल गेली तर विजेचा धक्का बसण्याची भीती असते.

तळाशी पाणी उरलेलं नाही, नुसती तापलेली चरबी साठली आहे, असं दिसलं तर पाणी घालूच नका. पाणी तेलापेक्षा जड असल्यानं ते चरबीच्या खाली जातं आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. एक मिली पाण्याची दीड लिटरहून जास्त वाफ होते, आणि ती वर येताना उकळती चरबी चौफेर उडवते. ओव्हन बंद करा, पॅन थोडा निवू द्या, चरबी पळीनं स्टीलच्या भांड्यात काढा, मगच गरम पाणी घाला.

चरबीनं पेट घेतला तर दार बंद ठेवा आणि प्लग काढा. हवा मिळाली नाही की आग विझते. पाणी मारू नका.

आपल्या नाशिकची वाइन घालून पॅनच्या तळाचा रस्सा सोडवायची पद्धत आता अनेक घरांत आहे. चव सुरेख येते, पण वाइनमधल्या अल्कोहोलची वाफ पेट घेते. म्हणून पॅन ओव्हनबाहेर, गॅसपासून लांब ठेवून वाइन घाला. आधी गॅस बंद, नंतर वाइन, मग पुन्हा मंद आच.

कोणत्या पॅनला काय सोसतं

काचेच्या पॅनची सर्वांत जास्त काळजी घ्या. तापलेल्या काचेचा एक भाग एकदम गार झाला की तो आकसतो, बाकीचा तसाच फुगलेला राहतो आणि त्या ताणात पॅन फुटतो. ओला ग्रॅनाइटचा ओटा यासाठी पुरेसा असतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तर कोरडा ओटासुद्धा. फ्रीजमधून काढलेला काचेचा पॅन लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका. मांस किंवा भाजी ठेवण्याआधी तळ झाकेल इतकं पाणी किंवा रस्सा घाला, म्हणजे गळणारा रस कोरड्या तापलेल्या काचेवर पडत नाही. वरचा ग्रिल रॉड आणि गॅसची ज्योत, दोन्ही काचेला वर्ज्य.

पातळ ॲल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा पॅन रिकामा तापवला तर ‘ठण्’ आवाज करून वाकतो. मग पाणी एका कोपऱ्यात जमतं आणि दुसरा कोपरा जळतो. चिंच, टोमॅटो, लिंबू असलेला मसाला ॲल्युमिनियममध्ये मुरत ठेवू नका. बिडाच्या पॅनवर गार पाणी टाकलं तर त्याला तडा जातो. नॉनस्टिक २६० अंशांच्या वर नेऊ नये आणि कोरडं तापवू नये. धातूचा कोणताही पॅन मायक्रोवेव्ह मोडवर चालत नाही.

धरताना

ओलं फडकं हातात घेऊ नका. पाण्यातून उष्णता पटकन वाहते आणि फडक्यातल्या पाण्याची वाफ होऊन चटका बसतो. सांडशी पातेल्यासाठी ठीक. रोस्टिंग पॅन एका कडेला धरला की तिरका होतो आणि उकळता रस अंगावर येतो. दोन्ही हातांत कोरडे जाड हातमोजे हवेत. फॉइल उघडताना आधी पलीकडची कड उचला. पॅन आणि ओव्हनची भिंत यांत चारही बाजूंनी दोन-तीन सेंमी जागा हवी, नाहीतर गरम हवा फिरत नाही आणि पॅन काढताना हात भिंतीला लागतो. म्हणूनच नवा पॅन घ्यायला येताना ओटीजीची आतली रुंदी, खोली आणि उंची मोजून आणा. लिटरच्या आकड्यावरून पॅनचं माप ठरवता येत नाही.

भाजलंच तर लगेच नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नका. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, हाताचा पंजा भाजला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

धुताना

पॅन पूर्ण निवल्यावरच कोमट पाण्यात भिजवा. स्टील आणि काचेवरच्या करपटाला एक लिटर गरम पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा. ॲल्युमिनियमला सोडा नको, काळं पडतं. तिथे चिंचेचं पाणी वापरा. बोअरच्या पाण्यानं स्टीलवर पांढरे डाग धरले तर समभाग व्हिनेगर आणि पाणी दहा मिनिटं ठेवून घासा.