खोडदच्या लहरी आणि औंढ्याच्या लहरी

"औंढा नागनाथला खोडदसारखीच दुर्बीण होतेय ना?" हे आता इतक्यांदा ऐकलंय की एकदाचं लिहूनच टाकतो.

खोडदचं थोडक्यात. नारायणगावजवळ 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, म्हणजे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ती रेडिओ लहरी टिपते. रेडिओ लहर ही प्रकाशाचीच बहीण, फक्त तरंगलांबी मोठी. तबकडी हव्या त्या ताऱ्याकडे वळवायची आणि लहरी गोळा करायच्या.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होतेय ती लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी टिपणारी यंत्रणा. तिला 2023 साली मंजुरी मिळाली. तिथे तबकडी नसेल. काटकोनात दोन निर्वात नळ्या, म्हणजे भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर, आत लेसर आणि आरसे. गुरुत्वीय लहर अवकाशालाच ताणते नि आकसवते, तेव्हा दोन भुजांच्या लांबीत फरक पडतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगोने दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची लहर टिपली, तेव्हा हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. हे यंत्र कुठेही वळवता येत नाही. म्हणून मला 'दुर्बीण' शब्द इथे खटकतो, 'वेधशाळा' म्हणा.

इथवर बहुतेकांना पटतं. खरी गल्लत पुढे होते. जून 2023 मध्ये बातम्या आल्या: जीएमआरटीने गुरुत्वीय लहरी पकडल्या. मग फरक उरला कुठे?

पूर्ण उरला. जीएमआरटीने तेव्हाही रेडिओ लहरीच पकडल्या, स्पंदक ताऱ्यांच्या. हे तारे घड्याळासारखे नेमक्या वेळाने ठोके पाठवतात. अशा अनेक स्पंदकांचे ठोके भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून वर्षानुवर्षं मोजले आणि ते किंचित लवकर-उशिरा येताना दिसले. एकच एसटी उशिरा आली तर दोष गाडीचा. पण वेगवेगळ्या दिशांच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा एका ठरावीक नमुन्याने मागेपुढे होऊ लागल्या, तर स्टँडच हलतंय म्हणायचं. स्पंदकांच्या जोड्यांमध्ये तो नमुना दिसू लागला, आणि पृथ्वीपाशी अवकाश हेलकावतंय असा निष्कर्ष निघाला. पकडली ती रेडिओ लहर, ताडली ती गुरुत्वीय. शास्त्रज्ञांनीही 'पुरावा' हाच शब्द वापरला, 'शोध' नव्हे. बातम्यांनी तो जपायला हवा होता.

शिवाय या लहरी लायगोच्या नव्हेतच. लायगोची लहर सेकंदाला दहा-वीस ते काही हजार वेळा हलते. स्पंदकांतून ताडलेल्या लहरीचं एक आवर्तन पुरं व्हायला वर्षं लागतात. त्या बहुधा दीर्घिकांच्या केंद्रांतल्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात. औंढ्याच्या 4 किलोमीटरच्या भुजांना त्या कधीच दिसणार नाहीत.

रेडिओ आणि गुरुत्वीय, वेग दोन्ही लहरींचा एकच, प्रकाशाचा. आणि 'विश्वाचा आवाज ऐकला' असं कृपया लिहू नका. लायगोचे संकेत स्पीकरवर वाजवता येतात, एवढंच. ध्वनीला माध्यम लागतं, या लहरींना लागत नाही.