मध्ययुगीन युरोपातली सरंजामशाही

साधारण ९व्या ते १३व्या शतकात पश्चिम युरोपात, त्यातही आजच्या उत्तर फ्रान्सकडे, जमीन द्यायची आणि बदल्यात लढाईची चाकरी घ्यायची अशी जी पद्धत रुजली ती सरंजामशाही. कुणी बसून प्लॅन केलेली सिस्टिम नव्हती ही, अडचणीतून होत गेलेली जुळवाजुळव होती. सुझन रेनॉल्ड्ससारखे इतिहासकार तर म्हणतात की तिला नीटनेटकं रूप नंतरच्या वकिलांनी दिलं, आणि त्यात बरंच तथ्य आहे.

सुरुवात फ्रँकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांच्या राज्यात. घोडा, चिलखत, तलवार सगळंच महाग, राजाकडे पगाराला रोकड नाही, मग जमीन देऊन माणूस बांधून ठेवायचा. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन होता तोवर पकड होती, पण ८४३ ला व्हर्दनच्या तहात नातवांनी साम्राज्याचे तीन तुकडे केले, त्यात उत्तरेकडून व्हायकिंग हे दर्यावर्दी लुटारू, नंतर पूर्वेकडून मग्यार या घोडेस्वार टोळ्या, आणि ८४५ ला व्हायकिंग सेन नदीतून थेट पॅरिसवर आले तेव्हा राजाने ७००० पौंड चांदी मोजून त्यांना वाटेला लावलं. राजाच पैसे देऊन सुटतोय म्हटल्यावर लोक जवळच्या गढीवाल्याच्या आसऱ्याला जाणार, दुसरं काय करणार! जहागीर आधी हयातीपुरती असायची, ती हळूहळू मुलाकडे जायला लागली आणि राजाच्या हातातून जमीन सुटत गेली.

करार कसा व्हायचा ते ११२७ च्या ब्रुज शहरातल्या एका नोंदीत छान दिसतं. फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियमकडचा प्रदेश) नवा काउंट, म्हणजे तिथला सरदार, विचारतो, पूर्णपणे माझा माणूस होणार का? समोरचा हो म्हणून जोडलेले हात त्याच्या हातात देतो, दोघं एकमेकांचं चुंबन घेतात, मग संतांच्या अवशेषांवर इमानाची शपथ, आणि शेवटी काउंट हातातल्या छडीने जहागीर बहाल करतो. चाकरी बऱ्याच ठिकाणी वर्षाला ४० दिवस. गोची अशी की एकच माणूस दोन-तीन धन्यांकडून जमीन घ्यायचा, ते धनी आपसात भिडले की हा कुणाकडून लढणार? इंग्लंडचा राजा स्वतःच्या देशात राजा, पण नॉर्मंडी या उत्तर फ्रान्समधल्या प्रांतापुरता फ्रान्सच्या राजाचा चाकर, आणि ११५४ नंतर दुसऱ्या हेन्रीकडे फ्रान्समधली जमीन फ्रान्सच्या राजापेक्षा जास्त होती.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चालायचं ते भूदास, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेले शेतकरी. आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या शेतात वेठ, सुगीला आणखी, दळण मालकाच्याच गिरणीत आणि त्यातला वाटा त्याला, चर्चला दशमांश वेगळा, मुलीचं लग्न करायचं तर फी, आणि इंग्लंडात घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं. गुलामासारखं बाजारात विकत नसत, पण जमीन सोडून जायची मुभा नाही. पळून एखाद्या शहरात वर्ष आणि एक दिवस काढला तर बऱ्याच ठिकाणी सुटका.

१३४७ पासूनच्या प्लेगने माणसंच कमी झाली, मजुरीचे भाव चढले, इंग्लंडच्या सरकारने १३५१ ला कायद्याने ते दाबायला बघितले आणि १३८१ ला शेतकऱ्यांचं बंड झालं. तिथली भूदासगिरी नंतर विरत गेली. फ्रान्समध्ये मात्र ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले, तेही अर्धवट, कारण काही देणी पैसे भरून सोडवायची अट होती, ती १७९३ ला गेली.