गार्डन सिटी आणि गार्डन सबर्ब: झाडं सारखीच, मग फरक कशात?

नवी वसाहत उभी राहायच्या आधी तिचं ब्रोशर हातात पडतं आणि त्यावर 'गार्डन सिटी' हे शब्द हमखास असतात. आतल्या चित्रांत कारंजं, हिरवळ आणि सायकल चालवणारी दोन मुलं दिसतात. हे शब्द ज्याने जगभर पोचवले त्या एबेनेझर हॉवर्डला झाडं हवीच होती, पण त्याच्या योजनेचा जीव जमिनीच्या मालकीत होता. ब्रोशरमधल्या चित्राला नगररचनेत वेगळं नाव आहे: गार्डन सबर्ब, म्हणजे बागांचं उपनगर. इंग्लंडमध्ये हे दोन्ही प्रकार चारेक वर्षांच्या अंतराने आणि त्याच वास्तुरचनाकारांच्या हातून जमिनीवर उतरले. तेव्हा झालेला घोळ अजून निस्तरलेला नाही.

हॉवर्ड 1850 साली लंडनमध्ये एका दुकानदाराच्या घरी जन्मला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. एकविसाव्या वर्षी तो अमेरिकेत गेला, नेब्रास्कात शेती करून पाहिली, ती जमली नाही. मग शिकागोत कोर्टाचा लघुलेखक झाला. 1871 च्या आगीत जळालेलं ते शहर तेव्हा पुन्हा बांधलं जात होतं. 1876 मध्ये तो लंडनला परतला आणि संसदेचं कामकाज लघुलिपीत उतरवण्यावर त्याने आयुष्यभर पोट भरलं. म्हणजे तो वास्तुविशारद नव्हता, इंजिनिअरही नव्हता. इतरांची भाषणं शब्दन् शब्द लिहून घेणारा हा माणूस होता, आणि मला वाटतं, त्यामुळेच त्याची योजना नकाशापेक्षा हिशेबाच्या वहीसारखी दिसते.

हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. 6000 एकर शेतजमीन एकरी 40 पौंडांनी, म्हणजे 2 लाख 40 हजार पौंडांना, कर्ज काढून घ्यायची. त्यातल्या 1000 एकरांवर शहर, उरलेल्या 5000 एकरांवर शेती, कुरणं, रानं. वस्ती 32 हजारांवर थांबवायची आणि शहर भरलं की शेतीचा पट्टा ओलांडून पुढे दुसरं वसवायचं. कर्जावर व्याज 4 टक्के, म्हणजे वर्षाला 9600 पौंड. 32 हजार माणसांत वाटले तर माणशी वर्षाला 6 शिलिंग, म्हणजे पौंडाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! शेताच्या भावाने जमीन घेतली की डोक्यावरचं ओझं किती हलकं होतं ते या एका आकड्यात दिसतं.

पुढची पायरी खरी. शहर वसलं की जमिनीची किंमत वाढणारच, कारण तिथे माणसं आली, दुकानं आली, रेल्वे आली. ही वाढ कुणा एका जमीनदाराने कमावलेली नसते, ती सगळ्यांच्या येण्याने होते. म्हणून जमीन विकायचीच नाही. ती विश्वस्तांकडे ठेवायची आणि प्रत्येकाने भाडं भरायचं. त्या भाड्यातून व्याज जाईल, कर्ज फिटत जाईल, आणि उरलेल्या पैशात रस्ते, शाळा, बागा होतील. कर्ज पुरतं फिटल्यावर त्याच पैशातून म्हाताऱ्यांना पेन्शन देता येईल. ब्रिटिश सरकारने वृद्धांना पेन्शन द्यायचा कायदा केला 1908 मध्ये. हॉवर्ड हे 1898 मध्ये मांडत होता.

त्याच्या पुस्तकाच्या नावातच पुढच्या गोंधळाचं बी आहे. 1898 च्या पहिल्या आवृत्तीच्या नावाचा अर्थ साधारण 'उद्या: खऱ्या सुधारणेचा शांततामय मार्ग' असा होतो. 1902 च्या आवृत्तीचं नाव झालं 'उद्याची उद्याननगरं'. सुधारणा गेली, उद्यान आलं. जमीनदाराचं भाडं हळूहळू कसं नाहीसं होईल हे दाखवणारी आकृतीही दुसऱ्या आवृत्तीतून वगळली गेली. लोकांच्या लक्षात बाग राहिली.

'गार्डन' या शब्दाचा अर्थही लोकांनी उलटा घेतला. शहरात बागा असाव्यात एवढंच त्याला म्हणायचं नव्हतं. अख्खं शहरच मळ्याशेतांच्या मधोमध बसलेलं असावं, आणि चहूबाजूंची शेती कायम शेतीच राहावी, हा त्याचा आग्रह होता.

1903 मध्ये लंडनच्या उत्तरेला लेचवर्थला 3818 एकर जमीन घेऊन काम सुरू झालं. आराखडा रेमंड अनविन आणि बॅरी पार्कर यांचा. हे शहर उभारायला काढलेल्या कंपनीच्या भागधारकांना 5 टक्क्यांहून जास्त लाभांश द्यायचा नाही, असा नियम होता. कारखाने आणायचे ठरलेलं होतं आणि ते आलेही. स्त्रियांच्या कॉर्सेटचा एक मोठा कारखाना गावाच्या ऐन मध्यावर उभा राहिला. बागेच्या शहरात कारखाना ऐकायला विचित्र वाटतं, पण हॉवर्डच्या मते त्याशिवाय ते शहरच नव्हतं. माणसाने सकाळी उठून चालत कामावर जावं आणि चालतच घरी यावं.

हॅम्पस्टेड गार्डन सबर्बची गोष्ट निराळ्या काळजीतून सुरू झाली. हेन्रिएटा बार्नेट यांनी नवऱ्याबरोबर पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम केलेलं होतं. भुयारी रेल्वे गोल्डर्स ग्रीनपर्यंत येणार हे कळल्यावर हॅम्पस्टेड हीथ या लंडनमधल्या माळरानाच्या कडेची मोकळी जमीन चाळींसारख्या घरांच्या रांगांखाली जाईल, ही भीती त्यांना वाटली. 80 एकर मोकळी जमीन वाचवण्यात आली आणि शेजारच्या 243 एकरांवर 1907 पासून वसाहत उभी राहू लागली. आराखडा पुन्हा अनविनचाच. मधल्या चौकाचं आणि तिथल्या दोन चर्चचं काम लट्यन्सचं, म्हणजे ज्याने पुढे नवी दिल्ली आखली त्याचंच.

बार्नेटबाईंच्या अटी वाचताना मन हळवं होतं. दोन घरांमध्ये भिंत नको, कुंपणाची झुडपं असावीत. रस्ते रुंद आणि झाडांचे. बागा सगळ्यांना खुल्या. शांतता मोडू नये म्हणून चर्चची घंटासुद्धा वाजवायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे श्रीमंत-गरीब सगळ्यांनी शेजारी शेजारी राहावं.

झुडपं राहिली, गरीब राहिले नाहीत. आज तो लंडनच्या अतिशय महागड्या भागांपैकी एक आहे. हे बार्नेटबाईंच्या मनात खोट होती म्हणून झालं असं मी कधीही म्हणणार नाही. तिथे कारखाना नव्हता, शेती नव्हती. पोट भरायला लंडनलाच जायचं होतं. जागा जितकी सुंदर होत गेली तितकी किंमत वाढत गेली, आणि ती वाढ धरून ठेवून गावासाठी वापरायची सोयच नव्हती. लेचवर्थमध्ये मात्र ती सोय आजही थोडीफार टिकून आहे. 1960 च्या सुमारास एका खासगी कंपनीने तिथल्या मूळ कंपनीचा ताबा घेतला, तेव्हा गावकरी हादरले. संसदेने 1962 मध्ये खास कायदा करून ती मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे दिली. 1995 पासून ती एका प्रतिष्ठानकडे आहे, आणि दुकानं-गाळ्यांच्या भाड्याचा पैसा गावातच खर्च होतो.

एखादी वसाहत कोणत्या प्रकारची हे ओळखायला म्हणून झाडांकडे बघून उपयोग नाही. लोक कामाला कुठे जातात, वस्तीच्या पलीकडे शेत आहे की पुढची वस्ती, आणि जमीन महागली की पैसा कुणाच्या खिशात जातो, हे विचारावं लागतं. ही तपासणी लावली तर आपल्याकडची बहुतेक गृहसंकुलं सबर्बच ठरतात.

नवी मुंबईचं उदाहरण त्यामानाने हॉवर्डच्या जवळ येतं. 1970 मध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं, जमीन एका संस्थेच्या हाती आली, भूखंड भाडेपट्ट्याने दिले गेले आणि त्या पैशातून शहर उभारलं गेलं. पण हॉवर्डच्या आकृतीत न दिसणारा एक माणूस इथे समोर येऊन उभा राहिला. हॉवर्डला जमीन विकणारा म्हणून डोळ्यांसमोर होता इंग्लंडचा जमीनदार. त्याला 40 पौंड दिले की त्याचा विषय संपत होता. इथे जमीन गेली ती आगरी-कोळी शेतकऱ्याची, स्वतः कसणाऱ्याची. आमच्या मातीची किंमत वाढली तर त्यात आमचाही वाटा आहे, असं तो म्हणाला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यात 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायचं सरकारला मान्य करावं लागलं.