ब्लू कार्ड आणि ऑपॉर्च्युनिटी कार्ड : पेढे नक्की कशाचे वाटायचे?

मागच्या वर्षी माझ्या मावसभावाचं जर्मनीचं कार्ड आलं आणि मावशीने चिंचवडला अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. मला व्हिडिओ कॉल आला, "ताई, माझं पण कार्ड झालं, आता तुझ्यासारखंच." मी विचारलं कंपनी कुठली, तर म्हणे कंपनी अजून नाहीये, तिकडे येऊन बघायचीय. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली की ह्याचं ऑपॉर्च्युनिटी कार्ड आहे आणि घरचे सगळे ते माझ्यासारखं ब्लू कार्ड समजून बसलेत. चूक त्यांची नाही म्हणा, ज्या कन्सल्टंटने पैसे घेतले तो दोन्हीला "जर्मनीचं वर्क कार्ड" म्हणत होता.

तर एकदाच नीट लिहून टाकते, कारण दर महिन्याला कुणीतरी हेच विचारतं.

ब्लू कार्ड म्हणजे कन्फर्म रिझर्व्हेशन. आधी नोकरी, हातात सही झालेलं कॉन्ट्रॅक्ट, मग व्हिसा. ऑपॉर्च्युनिटी कार्ड म्हणजे प्लॅटफॉर्म तिकीट. स्टेशनात शिरायला मिळतं, गाडीत जागा तुमची तुम्ही शोधायची. जर्मनमध्ये त्याला शान्सनकार्टे म्हणतात, त्यातला शान्स म्हणजे आपला चान्सच, आणि नावात सरकारने काही लपवलं नाहीये हे मानलं पाहिजे.

ब्लू कार्ड जर्मनीत 2012 पासून आहे. साधारण अट अशी की मान्यताप्राप्त डिग्री हवी, काम त्या डिग्रीला शोभेल असं हवं, आणि पगार ठरलेल्या रेषेच्या वर हवा. ही रेषा दरवर्षी बदलते. 2025 साठी ती वर्षाला 48,300 युरो होती, आणि ज्या कामांना माणसं मिळत नाहीत त्यांना किंवा डिग्री घेऊन तीन वर्षं झाली नाहीत अशांना 43,759.80. आयटीवाल्यांना डिग्री नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा धड अनुभव असेल तर खालच्या रेषेवर चालतं, हे 2023 च्या शेवटी आलं आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना अजून माहीतच नाही.

ऑपॉर्च्युनिटी कार्ड सुरू झालं 1 जून 2024 ला. इथे पगाराचा प्रश्नच येत नाही कारण पगारच नाही! तुमची डिग्री जर्मनीत पूर्ण मान्य असेल तर पॉइंट मोजायची गरज नाही. नसेल, तर आधी जर्मन ए-वन (भाषेच्या सहा पातळ्यांतली पहिली) किंवा इंग्लिश बी-टू (चौथी) हवं आणि वर सहा पॉइंट जमवायचे. वय 35 च्या आत असेल तर दोन, पाच वर्षांचा अनुभव असेल तर तीन, जर्मन बी-वन असेल तर दोन, असं करत करत. भावाचे सहज झाले. खरं तर त्याची डिग्री आणि युनिव्हर्सिटी मान्य आहे का हे अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये फुकट बघता आलं असतं, पण ते त्या कन्सल्टंटने सांगितलं नाही, कारण मग तो फी कशाची घेणार.

आता पैशाचा भाग, जो पेढे वाटताना कुणी विचारत नाही. ब्लू कार्डवाल्याला पहिल्या महिन्यापासून पगार सुरू. ऑपॉर्च्युनिटी कार्डवाल्याला स्वतःचा खर्च स्वतः भागवता येईल हे दाखवावं लागतं, 2025 मध्ये ती रक्कम महिन्याला 1,091 युरो होती, म्हणजे वर्षाला 13,092. बहुतेक जण हे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकतात आणि तिथून दर महिन्याला ठरलेला हप्ताच बाहेर येतो. शिवाय हेल्थ इन्शुरन्स वेगळा, आणि रूम मिळेपर्यंतचं भाडं वेगळं. मावशीने एफडी मोडली होती हे मला नंतर कळलं.

काम करता येतं का, तर येतं, पण आठवड्याला वीस तास. शिवाय ट्रायल म्हणून एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत काम करून बघता येतं, आणि माझ्या मते ह्या कार्डाचा सगळ्यात कामाचा भाग हाच आहे, कारण इथल्या लहान कंपन्यांचा कागदापेक्षा समोर मशिनवर उभ्या असलेल्या माणसावर जास्त विश्वास असतो. पण लोक काय करतात, वीस तास गोडाऊनमध्ये पार्सलं लावतात, उरलेल्या वेळात झोपतात आणि रात्री ॲप्लिकेशन टाकतात.

आणि ॲप्लिकेशन म्हणजे काय ते पण सांगते. भाऊ पहिले दहा दिवस माझ्याकडेच होता, स्टुटगार्टजवळ, किचन टेबलवर लॅपटॉप घेऊन बसायचा. सीव्ही अपलोड करायचा, मग पोर्टल तोच सीव्ही परत रकान्या-रकान्यात भरायला लावायचं. मग पगाराची अपेक्षा लिहा, कमी लिहिला तर स्वस्तातला, जास्त लिहिला तर बाहेर. लवकरात लवकर जॉईन कधी होणार, तर हा म्हणे उद्या! आणि शेवटी तो एक प्रश्न: तुमच्याकडे जर्मनीत काम करायचा वैध परवाना आहे का? खाली दोनच गोल, हो आणि नाही.

मी ब्लू कार्डवर कंपनी बदलली तेव्हा तो गोल अर्ध्या सेकंदात टिक केला होता. हा पंधरा मिनिटं बघत बसला. हो म्हणावं तर परवाना वीस तासांचाच, फुल टाइमसाठी परमिट बदलून घ्यावं लागणार. नाही म्हणावं तर सिस्टिम तिथेच बाहेर काढणार, माणसाच्या नजरेलाही पडणार नाही. रात्री पावणेदोनला नकाराचा मेल आला, नो-रिप्लायवरून, सुरुवातच "लायडर" म्हणजे "दुर्दैवाने" अशी. हा शब्द त्याला जर्मनमध्ये सगळ्यात आधी पाठ झाला. माझं मत विचाराल तर हो टिक करा आणि कव्हर लेटरमध्ये दोन ओळीत सरळ लिहा की मी इथेच राहतो, इंटरव्ह्यूला कधीही येतो, कॉन्ट्रॅक्ट मिळालं की परमिट इथल्या इथेच बदलून मिळतं, परत भारतात जावं लागत नाही. कारण हे कार्ड काय आहे हे समोरच्या एचआरलाही धड माहीत नसतं.

हा इथेच असण्याचा फायदा मात्र खरा आहे, तो नाकारणार नाही. पुण्यात बसून ब्लू कार्डसाठी ॲप्लाय करणाऱ्याचं गणित बघा, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, मग व्हिसा, कंपनीने 411 युरो भरून फास्ट ट्रॅक केलं तरी महिने जातात, तोवर समोरच्याची पोझिशन भरलेली असते किंवा बजेट गोठलेलं असतं. माझ्या एका मैत्रिणीने हिंजवडीत राजीनामा टाकला आणि नोटीसच्या सत्तराव्या दिवशी तिकडून मेल आला की पद तूर्तास होल्डवर. म्हणजे रिझर्व्हेशन कन्फर्म असलं तरी गाडी रद्द होऊ शकते, ते ब्लू कार्डवाल्यांनीही विसरू नये.

पुढचं मात्र दोन्ही कार्डांचं फार वेगळं आहे. ब्लू कार्डवर 27 महिने काम केलं आणि ए-वन जर्मन असलं की कायमच्या परमिटला अर्ज करता येतो, बी-वन असेल तर 21 महिन्यांतच. नवरा-बायकोला यायला जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून काम करता येतं. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिकांच्या ऑफिसला कळवायचं, एवढंच. ऑपॉर्च्युनिटी कार्डाचे महिने ह्या 21 किंवा 27 मध्ये धरत नाहीत, मीटर ब्लू कार्डावर नोकरी लागल्यावरच पडतं. आणि कार्ड जास्तीत जास्त एक वर्षाचं. वर्षात स्किल्ड कामाचं कॉन्ट्रॅक्ट नाही आलं तर बॅग भरायची.

आमच्या ह्या साहेबांची डिग्री मेकॅनिकल, आणि आले कधी, तर ऐन मंदीत. फोक्सवागनने डिसेंबर 2024 मध्ये 2030 पर्यंत 35,000 पदं कमी करायचा करार केला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या झेडएफने त्याच्याआधीच 2028 पर्यंत 14,000 पर्यंतचा आकडा सांगितला होता, म्हणजे जर्मन बोलणारी, इथेच शिकलेली अनुभवी माणसं पण त्याच पोर्टलवर तेच रकाने भरतायत. चाकणमध्ये सहा वर्षं काढलेल्या मुलाला हे पेढ्यांच्या आधी कुणी सांगायला हवं होतं, आणि मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की आधी पुण्यातच बी-वन कर, मग ये, कारण त्याच्या कामात शॉप फ्लोअरवर इंग्लिश चालत नाही.

आता तो उल्मजवळ एका खेड्यात चाळीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये ट्रायलवर आहे, दुसरा आठवडा चालू आहे. मालक त्याला स्वाबियन ह्या इथल्या बोलीत काहीतरी सांगतो, हा मान हलवतो आणि सीएनसी मशिन बरोबर लावतो. काल मावशीचा मला फोन आला होता, "अगं, कार्ड येऊन आठ महिने झाले, हा जॉईन कधी होतोय?"