वाळूतल्या पतंगाला नाव मिळतं ते कसं

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर पतंगाची नवी जात सापडली, अशी बातमी अधूनमधून येते. फोटो असतो, लॅटिन नाव असतं, आणि लगेच पुढची बातमी. खरं तर पतंग सापडणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग. तो आजवर कुणीच नोंदवलेला नाही, हे सिद्ध करण्यात वर्षं जातात. ती का जातात हे कळायला थोडा इतिहास बघावा लागतो.

दोन शब्दांची शास्त्रीय नावं प्राण्यांना सरसकट लावली ती स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने, १७५८ सालच्या आपल्या ग्रंथात. येवल्याच्या पैठणीला ज्याचं रेशीम लागतं तो तुतीवरचा पतंग त्याच ग्रंथात आहे. द्राक्षवेलीवर शेपटाशी काटा असलेली जाडजूड अळी दिसते, तिच्या पतंगाचं नावही त्यातलंच. भारतात हे काम पुढे नेलं ते बहुतेक हौशी साहेबांनी. कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी मुंबई आणि दख्खनचे पतंग गोळा केले. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन यांच्याबरोबर तेही होते. निलगिरीत चहाचे मळे सांभाळलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. आजही तेच उघडावे लागतात. पण या खंडांत बारीक पतंगांची कित्येक कुळं आलीच नाहीत, आणि वाळूच्या टेकड्यांवर नवं म्हणून जे सापडतं ते पुष्कळदा याच बारीक पतंगांमधलं असतं.

बारीक पतंगांचा भार एकट्या एडवर्ड मेरिक यांनी उचलला. इंग्लंडमध्ये शाळामास्तर असलेल्या या माणसाने जगभरातून टपालाने येणारे पतंग पाहून हजारो जातींची वर्णनं लिहिली. बिहारमधल्या पुसा इथले सरकारी कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिज फ्लेचर भारतातून त्यांच्याकडे नमुने पाठवत. १९१७ मध्ये मेरिक यांनी पेरू देशातल्या ह्वांकायो इथल्या एका करड्या पतंगाचं वर्णन छापलं. आकाराने तांदळाच्या दाण्याएवढा. त्या वेळी त्याची दखल घ्यावी असं कुणालाच वाटलं नसेल. तोच पतंग २००६ मध्ये स्पेनमध्ये आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात टोमॅटोवर निघाला. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या टोमॅटो उत्पादकांना तो ‘टुटा’ म्हणून ठाऊक आहे. पान पोखरते, फळात शिरते ती हीच अळी.

आपल्या शेतकऱ्याला कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढून पकडणारा सापळा, लगेच मिळू शकला, तो कशामुळे? किडीची ओळख पक्की होती म्हणून. दक्षिण अमेरिकेत आणि युरोपात तिच्याविषयी जे जे शिकून झालं होतं, ते सगळं एका नावाखाली जमा होतं. ‘कुठला तरी पतंग’ एवढंच माहीत असतं तर सापळ्यात कुठला गंध ठेवायचा हेसुद्धा ठरलं नसतं. १९१७ नंतर अभ्यास होत गेला तशी या पतंगाची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट आणि नावातला पहिला शब्द, बदलत गेली आणि २०२१ मध्ये तो पुन्हा मेरिक यांच्याच मूळ प्रजातीत, फ्थोरिमियात, परत आला. वर्णन नीट असलं की अशा दुरुस्त्या होऊ शकतात. म्हणूनच निरुपयोगी वाटणाऱ्या पतंगाचंही वर्णन व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वाळूतल्या पतंगांचं माझ्या आवडीचं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं आहे. कीटकशास्त्रज्ञ जेरी पॉवेल यांनी १९७६ मध्ये तिथल्या टेकड्यांवरचा अरेनिसिथ्रिस ब्रॅकिप्टेरिस नोंदवला. त्यासाठी नवी प्रजातीच मांडावी लागली. नर आणि मादी दोघांचेही पंख आखूड, उडता येतच नाही. वाऱ्याच्या किनाऱ्यावर उडणं म्हणजे भलतीकडे वाहून जाणं. हा पतंग दिवसा वाळूवर पळतो, उड्या मारतो आणि वाळू उकरून स्वतःला पुरून घेतो. अळी वाळूत गाडल्या गेलेल्या पानांना रेशमी नळी जोडून आत राहते. रात्री दिवा लावून असा पतंग सापडणार नाही. त्यासाठी वाळूत गुडघे टेकून बसावं लागतं.

सापडल्यावर खरं काम सुरू होतं. पंखांचे रंग फसवतात, झिजतात. म्हणून पोटाचा भाग अलगद वेगळा करून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करतात. मांस विरघळतं, जननेंद्रियांचे कठीण भाग उरतात. ते साफ करून, रंगवून काचपट्टीवर बसवतात आणि पट्टीवरचा क्रमांक टाचणीवरच्या पतंगालाही लावतात. मग जवळच्या प्रत्येक जातीच्या मूळ नमुन्याशी, म्हणजे ज्यावरून तिला नाव दिलं गेलं त्या पतंगाशी, तुलना. मेरिक यांनी हे भाग तपासले नव्हते, आणि त्यांचा संग्रह लंडनला आहे. त्यामुळे भारतातल्या बारीक पतंगाचा निकाल लावायला आजही तिकडचे नमुने पाहावे लागतात. २००३ पासून डीएनए बारकोडची जोड मिळाली. त्यात एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. शंका कुठे घ्यायची ते त्यातून कळतं, पण वर्णन लिहावंच लागतं.

नियमही कडक झाले आहेत. २००० पासून नव्या जातीसाठी मूळ नमुना नेमकेपणाने जाहीर करावा लागतो. भारतात जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुना सरकारमान्य संग्रहाकडे द्यावा लागतो. प्राण्यांचा असा संग्रह सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं, झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे. नाशिककरांना तेच जवळचं.

आपल्याला सर्वांत जवळच्या वाळूच्या टेकड्या कोकणातल्या. पुळणीवर मर्यादवेल, रावणाच्या मिशा, मागे केवडा. कित्येक ठिकाणी त्यांच्या जागी परदेशी सुरूची बनं लावली गेली, कुठे रस्ता आला, कुठे हॉटेल. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संवेदनशील गटात आहेत. तिथे कोणत्या वनस्पतीवर कोणती अळी वाढते हे लिहून ठेवायचं तर फोटोबरोबर ठिकाण, तारीख आणि झाडाचं नाव टिपणं ही पहिली पायरी. जिथे पतंग अनोळखी वाटतो तिथे परवानगी घेऊन एक नमुना घ्यावा लागतो, कारण जननेंद्रियांची काचपट्टी फोटोवरून होत नाही.