जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं म्हणजे पुढची वाट बंद? अजिबात नाही

हे मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय की आता लिहितेच. "जीएनएम झालंय ना, मग बीएस्सी करायचं तर परत पहिल्यापासून चार वर्षं." साफ चुकीचं आहे हे! जीएनएमवाल्यांसाठी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग आहे, 2 वर्षांचं, त्याला बारावी, जीएनएम आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. पुढे किमान 1 वर्षाचा अनुभव असेल तर एमएस्सी नर्सिंगसुद्धा करता येतं, म्हणजे टीचिंगची वाट पण मोकळी.

माझ्यासोबत नाइटला असणारी एक सिस्टर, पहाटे चारला चार्ट भरून झाले की पर्समधून जुनी मार्कशीट काढून बघत बसायची, तिला वाटायचं आता चार वर्षं कुठून आणू, लेकरू लहान आहे. दोनच वर्षं लागतात म्हटल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होता.

फक्त एक करा, अॅडमिशन घेताना एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका, "घरबसल्या बीएस्सी नर्सिंग" म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः कौन्सिलच्या वेबसाइटवर बघा, आणि फी भरायच्या आधी बघा.