तलवारीचं पाणी मुशीत मुरतं

खंडेनवमीला बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात आमच्या काकांकडे जाणं असतं. पाटावर लाल फडकं, त्यावर कोयता, विळा, पहार, नांगराचा फाळ, गेल्या दोन वर्षांपासून चुलतभावाचा लॅपटॉप, आणि मधोमध घरातली जुनी तलवार. दरवर्षी ती काळपट, तेलकट, गप्प पडलेली असायची. यंदा उंबऱ्यातूनच चमकताना दिसली.

"बघ की, कशी झाली! मी सोताच घासलो. आधी शंभर नंबरचा पॉलिश पेपर, मग दोनशे वीसचा," काका म्हणाले.

काय बोलणार? मोबाईलचा टॉर्च लावला आणि पातं तिरकं धरलं. सगळीकडे पेपरच्या सरळ ओरखड्यांची जाळी. फक्त मुठीला लागून, परजेच्या आड, दोन बोटं जागा पेपरमधून सुटली होती. तिथं करड्या जमिनीवर केसाएवढ्या पांढुरक्या रेघा होत्या, वळणं घेत जाणाऱ्या, ओहोळ आटल्यावर वाळूवर उरतात तशा. त्या रेघा बघितल्या आणि ताटावर बसायची हाक दोनदा आली तरी मी उठलो नाही.

या रेघांना जुने लोक तलवारीचं 'पाणी' म्हणायचे. फारसीतून आलेला शब्द 'जौहर'. जवाहीर हे त्याचंच अनेकवचन; राजपुतांच्या जोहाराशी त्याचा काही संबंध नाही. घोळ होतो तो 'पाणी' या शब्दानं. लोहार कोयत्याला 'पाणी देतो', म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून कडक करतो. त्यामुळं तलवारीचं पाणीही तसंच दिलेलं असणार, असं सगळे धरून चालतात. मग त्यावर कथा रचल्या जातात: सापाच्या विषाचं पाणी दिलं होतं, जहराचं दिलं होतं, रक्ताचं दिलं होतं. लालबुंद लोखंडावर विषाचं काय होईल? जळून जाईल, आणखी काय! नागाच्या विषातली प्रथिनं एवढ्या उष्णतेला टिकत नाहीत. शिवाय या जातीची जी जुनी पाती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली, त्यातली बरीचशी बुडवून कडक केलेली नव्हतीच. सावकाश, हवेत निवलेली होती. म्हणजे त्या रेघांचा आणि बुडवण्याचा संबंध नाही. पातं घडवायच्याही आधी, मातीच्या बंद मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, त्यांचं बीज पडलेलं असतं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये नोकरी करतो. आमचा माल बिडाचा. बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या वर, म्हणून ते ओतता येतं पण ठोकता येत नाही. लोहार ज्याला नुसतं लोखंड म्हणतो त्यात कार्बन जवळजवळ नसतोच, म्हणून ते हवं तसं वाकतं आणि धार धरत नाही. या दोघांच्या मधलं ते पोलाद. आपल्या जुन्या मराठीत त्याला तिखं म्हणत, आणि उत्तम जातीच्या लोखंडाला गजवेल. तलवारींचं हे पोलाद तर मधल्यांतही वरच्या अंगाचं, साधारण दीड टक्का कार्बनचं. आपल्या बेळगावकरांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्याचं जगभर चाललेलं नाव, 'वूट्झ'. बाजारात कन्नडमध्ये लोखंडाला कब्बिण आणि पोलादाला उक्कु म्हणतात, हे आपल्याला पाठ आहे. त्या उक्कुचंच लिहिता-वाचताना बिघडून वूट्झ झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १७९० च्या दशकात मुंबईहून हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरनं त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सननं रॉयल सोसायटीपुढं त्यावर निबंध वाचला. पुढं मायकेल फॅरडे, जो स्वतः लोहाराचा मुलगा, विजेकडं वळण्याआधी काही वर्षं याच उक्कुच्या मागं होता. त्याला वाटलं गुपित ॲल्युमिनियमचं आहे. चुकला. पण चुकूनसुद्धा त्यानं मिश्र पोलादांच्या अभ्यासाची वाट पाडून दिली.

मूस कशी भरायची, याची वर्णनं म्हैसूरकडची, तमिळ मुलखातली, तेलंगणातली मिळतात. घडीव लोखंडाचे तुकडे, त्यांच्यासोबत तरवडाचं लाकूड आणि वर रुईची पानं. मूस मातीची, त्या मातीत भाताचं तूस कालवलेलं. तोंड मातीनंच लिंपून बंद. मग कोळशाच्या भट्टीत भात्यावर तासन्‌तास. लाकूड-पानांचा कोळसा होतो, त्यातला कार्बन लोखंडात शिरतो. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सियस लागतात, पण कार्बन जसजसा मुरतो तसतसा हा आकडा खाली येतो आणि एका टप्प्याला मुशीतला सगळा ऐवज पातळ होतो. भट्टी विझते. मूस आतल्या आत हळूहळू निवते. फोडली की मुठीएवढा गोळा निघतो.

आता हे 'हळूहळू निवणं' नीट बघायला हवं, कारण सगळं तिथंच आहे.

घरी कढवलेलं तूप भांड्यात तसंच ठेवून दिलं की रवाळ होतं. फ्रीजमध्ये घातलं तर रवा बारीक. सगळं तूप एकदम गोठत नाही. जे स्निग्ध आधी गोठतं त्याची कणी बनते आणि जे गोठायला नाखूश असतं ते कणीच्या मधल्या फटींत पातळ राहतं. मुशीत हेच होतं. लोखंडाचे पहिले स्फटिक निघतात ते कार्बन कमी असलेले, आणि त्यांचा आकार झाडासारखा: एक खोड, त्याला काटकोनात फांद्या, फांद्यांना डहाळ्या. आमच्या कास्टिंगमध्ये कधी आत पोकळी राहिली आणि ती कापली, तर तिच्या भिंतीवर ही लोखंडी झाडं नुसत्या डोळ्यांनी दिसतात, सुरूच्या इवल्या बनासारखी. गिऱ्हाईक तो माल परत पाठवतं. मी असे दोन तुकडे टेबलाच्या खणात जपून ठेवलेत.

फांद्यांच्या मधल्या फटींत जे शेवटी गोठतं, त्यात कार्बन जास्त असतो, आणि लोखंडाच्या स्फटिकाला नको असलेली बाकीची मंडळीही तिथंच ढकललेली असतात. फॉस्फरस, मँगनीज आणि, खनिजात असेल तर, व्हॅनेडियम. यातला कार्बन अणूनं लहान. पुन्हा तापवलं की तो लोखंडाच्या अणूंमधून सहज इकडंतिकडं फिरतो आणि सगळीकडं सारखा होऊन बसतो. व्हॅनेडियमचा अणू मोठा, त्याला हलायला जागा नाही. तो फटीतल्या जागी ठाण मांडतो.

गोळ्याचं पातं करायला लोहार तो तापवतो, ठोकतो, निवला की परत तापवतो. असं अनेक वेळा. तापमान ९०० अंशांच्या आसपास, लालीच्या पुढं नाही. दर तापवणीला लोखंड-कार्बनचे कठीण कण, म्हणजे सिमेंटाइट, थोडे विरघळतात. जे बारीक ते संपतात, जे जाड ते वाचतात. निवताना कार्बनला पुन्हा कुठंतरी कण म्हणून बसायचं असतं. तो बसतो जिथं आधीचा जाड कण वाचलाय तिथं, आणि असे कण वाचतात ते व्हॅनेडियमच्या शेजारी, कारण व्हॅनेडियमला कार्बनची ओढ फार. दर फेरीला श्रीमंत कण अधिक श्रीमंत होतो आणि गरीब नाहीसा होतो. तोवर हातोडीखाली ती झाडंही चपटी होऊन पात्याच्या लांबीत ताणली गेलेली असतात. शेवटी कणांच्या रांगा उभ्या राहतात. त्याच त्या पांढुरक्या रेघा. हिराकशीसारख्या आम्लधर्मी द्रावणानं पातं पुसलं की कणांभोवतीचं पोलाद काळवंडतं, कण पांढरे राहतात, आणि पाणी दिसायला लागतं.

व्हॅनेडियम किती लागतं? १९९८ मध्ये अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन आणि आल्फ्रेड पेंड्रे नावाचा पाती घडवणारा लोहार, यांनी एका सहकाऱ्यासोबत जे मांडलं त्यात लाखात चारएक भागही पुरतात. हा निबंध मला फार आवडतो, कारण एकाकडं सूक्ष्मदर्शक होता, दुसऱ्याकडं हातोडी, आणि दोघांनी एकमेकांचं ऐकलं. विशिष्ट खाणीचं खनिज संपलं, नव्या खनिजात ही चिमूट नव्हती, आणि घराण्यात चालत आलेली कृती तंतोतंत पाळूनही पात्यावर पाणी उमटेना, हा त्यांचा अंदाज. युरोपातल्या लोहारांचं तर आणखीच हसं झालं होतं. ते आपल्या सवयीनं हा गोळा पिवळाधमक तापवायचे आणि पहिल्याच घावाला तो ढेपळासारखा फुटायचा.

इथवर कोणी वाचक टिकला असेल तर तलवार ओळखण्याचं सांगतो.

पाणी असलेल्या या पात्यांना युरोपात 'दमास्कस' म्हणत. बाजारात आज त्या नावानं जे विकतात ते बहुधा दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या एकावर एक जोडून, दुमडून केलेलं असतं. त्यातल्या एकात निकेल असतं, म्हणून पट्टे ठळक, चकचकीत, रुंद दिसतात, आणि काठाकडून बघितलं तर थर मोजता येतात. मुशीच्या पोलादात थर नसतात. रेघा बारीक, तुटक, मधेच विरणाऱ्या असतात, आणि भिंगाखाली रेघ म्हणजे ठिपक्यांची रांग निघते. तिसरा प्रकार नुसता ठगीचा: साध्या पट्टीवर आम्लानं छापलेली नक्षी. चुंबकाची परीक्षा करून काही कळत नाही, तिन्ही चिकटतात.

प्रत्येक जुन्या तलवारीला पाणी असतंच असंही नाही. आपल्याकडं गोवा जवळ. युरोपातून आलेली सरळ पाती देशी मुठीत बसवून वापरायची चाल मराठ्यांत इतकी रुळली की 'फिरंग' हा तलवारीलाच शब्द झाला. अशा पात्यावर धावता लांडगा किंवा समोरासमोर दोन कोयत्यांसारख्या कमानी कोरलेल्या दिसतात. पण इकडच्या कारागिरांनी त्या खुणांच्या नकलाही भरपूर केल्या, त्यामुळं खूण दिसली म्हणून पातं विलायती ठरत नाही.

कुऱ्हाडीत बघायचं ते जाडी. लाकूड फोडायची कुऱ्हाड पाचरीसारखी जाड, कारण तिला ओंडका फाडायचा असतो. लढाईचं तबर बाजूनं बघितलं तर पातळ. जुन्या घडीव कुऱ्हाडीत धारेला तिखं आणि बाकी मऊ लोखंड असतं, आणि दोघांचा सांधा गंजात आपोआप उठून दिसतो. भाल्याच्या फाळाला दांडा बसायची नळी पत्रा वळवून केलेली असेल तर तिची शिवण सापडते. एकसंध गुळगुळीत नळी, ती बहुधा लेथवरची. वजनाबद्दल मात्र एकच सांगतो. हातात धरून लढायची तलवार किलोच्या आसपास भरते. अमक्या वीराची तलवार तीस किलोची आणि तमक्याचा भाला ऐंशीचा, असं कौतुकानं सांगणाऱ्यानं गॅसची भरलेली टाकी घेऊन अंगणात दोन फेऱ्या माराव्यात.

याच खंडेनवमीला सकाळी ग्रुपवर एक मजकूर फिरत होता: आपल्या पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान येत होतं, जर्मनीनं मान्य केलं. मूळ गोष्ट खरी आहे. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर यांच्या गटानं बर्नच्या संग्रहालयातल्या सतराव्या शतकातल्या एका पात्याचा तुकडा आम्लात विरघळवला आणि उरलेल्या गाळात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या दिसल्याचं लिहिलं. पण मुशीत काहीतरी आपोआप तयार होणं वेगळं आणि ते ठरवून करता येणं वेगळं. तव्याच्या बुडाला काजळी धरते म्हणून आजीला कोणी रसायनशास्त्रज्ञ म्हणत नाही. झटका सोसायच्या कामात तर ट्रकच्या पाट्याचं आजचं पोलाद या उक्कुपेक्षा सरस आहे. मुशीवाल्याचं कसब वेगळ्याच ठिकाणी होतं: आत बघायची सोय नसलेल्या मुशीत काय चाललंय, हे तो हलवून, आवाजावरून आणि अंदाजानं ओळखायचा.

जेवणं झाल्यावर काकांना सुटलेली दोन बोटं जागा दाखवली. चष्मा वर-खाली करून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"मग बाकीचं गेलं काय रे? मी घासून घालवलो?"

पाणी गेलेलं नाही. ते वरचा रंग नव्हे, पात्याच्या पोटातनं आरपार आहे. जाणत्या माणसानं आम्लानं नीट पुसलं तर परत उठेल. गेलं ते दुसरं. मुठीपासून वीतभर अंतरावर सोन्याच्या तारेची एक झिजलेली ओळ होती. लहानपणी मी तिच्यावरनं बोट फिरवलेलं आठवतं. आता तिथं दोनशे वीस नंबरचे ओरखडे आहेत.

लॅबमध्ये माझ्या हाताशी नायटलची बाटली असते, नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल. रोज त्यानंच नमुने पुसतो. कापसाचा एक बोळा आणि पाच मिनिटं, एवढंच काम होतं. मोह झाला, नाही म्हणत नाही. पण माझे नमुने पुसून झाल्यावर भंगारात जातात. ही तलवार जतनाचं काम करणाऱ्याकडंच जायला हवी. तोवर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात दिला, आणि म्यानात न घालता सुती कापडात गुंडाळली, कारण म्यानातलं चामडं आणि लाकूड पावसाळ्यात ओल धरतं आणि आम्लही सोडतं.

"आणि फुडच्या खंडेनवमीला? हळदकुंकू तर लावायला पायजे की," काकू म्हणाल्या.

"मुठीला लावा काकू. पात्याला नको."